शाकाहारी मुकादम

"बाई, आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो. "माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा बसला नाही. पण मांसमच्छीवर वाढलेला वीतभर मासा या घरात आला, शेंगदाण्याच्या कुटावर राहिला आणि पुढं पुढं सोमवार धरायला लागला. याच सोप्यात. तुम्ही बसलाय ना, तिथंच त्याची टाकी होती."

ढवळे बाई खुर्चीसकट थोड्या बाजूला सरकल्या.

ढवळे बाई म्हणजे आमच्या नव्या भाडेकरू. हायस्कूलात विज्ञान शिकवतात, त्यामुळं त्यांच्यापुढं काही सांगायचं तर जरा जपूनच सांगावं लागतं. आदल्या दिवशी त्यांनी हौसेनं काचेची टाकी आणली, त्यात एक ऑस्कर मासा सोडला, आणि सकाळी उठून बघतात तर मासा तळाशी आडवा. घाबऱ्या होऊन खाली आल्या. पुढच्या सोप्यात मी होतो आणि रोजच्यासारखा दस्तगीर होता. दस्तगीर मोमीन, माझा जुना मालक आणि त्याहून जुना दोस्त. आत चुलीपुढं आमची मंडळी, शिवक्का, भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज बाहेर येत होता.

"मेला नाही तो," मी म्हणालो. "रुसलाय. या जातीचा मासा घर बदललं की असाच आडवा पडतो. टाकीतला दिवा बंद ठेवा. आज खायला घालू नका. एक लहान मडकं आडवं करून आत ठेवा, लपायला. आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघू नका, त्याला लाज वाटते."

"पण किती दिवस असा राहणार?"

"ते माशावर आहे. आमच्याकडच्यानं सहा दिवस घेतले."

"गेल्या वेळी नऊ होते," दस्तगीर चहाची बशी फुंकत म्हणाला.

"तू गप. तू इथं नव्हतास."

"नव्हतो म्हणून तर तू सांगायलैस."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि बाईंना सांगायला लागलो. ते सगळं जसं सांगितलं तसंच इथं लिहितो.

चौदा वर्षांपूर्वी दस्तगीरचे इचलकरंजीत आठ माग होते आणि मी त्या मागांचा जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा, आणि बिघडला नाही तर का बिघडत नाही म्हणून त्याच्याभोवती फिरायचं, हे जॉबरचं काम. सव्वीस वर्षं केलं. कारखान्याच्या दारात डोळे मिटून उभा राहिलो तरी नुसत्या आवाजावरून सांगायचो, सूत घेऊन धावणारा पाच नंबरचा धोटा घासतोय, सातला तेल पाहिजे. तीन नंबर तेवढा जन्माचा लंगडा. खाडाक्-खट, खाडाक्-खट चालायचा आणि मधेच एक ठोका गिळायचा. किती पाने फिरवले त्याच्यावर, पण तो गिळलेला ठोका काही मला सापडला नाही.

त्या तीन नंबरशेजारच्या भिंतीत कोनाडा होता. त्याला पुढून काच बसवून दस्तगीरनं त्यात एक मासा पाळला होता. काळाकुट्ट, अंगावर फुललेल्या निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. दिवसभर काचेला तोंड लावून तो कामगारांवर नजर ठेवायचा. कोण बिडीला उठला, कोण सूत तुटलं तरी गप्पा मारतोय, सगळं त्याला दिसायचं. म्हणून त्याचं नाव पडलं मुकादम. दस्तगीर चार दिवस गावाला गेला तरी कापड इंचानं कमी निघायचं नाही, एवढा त्या माशाचा वचक.

"इंचानं?" ढवळे बाईंनी विचारलं.

"अर्धा इंच निघत असेल. पुढचं ऐका."

त्या वर्षी दस्तगीरचा आणि त्याच्या बायकोचा, आमच्या भाभीचा, हजला जायचा नंबर लागला. अगदी शेवटच्या विमानांपैकी एकात. मुलगा भिवंडीला, त्यामुळं चाळीस दिवस घराला कुलूप आणि कारखाना बंद. मी तसाही घरीच होतो. वरच्या शाफ्टचा पट्टा चढवताना शिडीवरून पडलो होतो आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात घालून इथं सोप्यात खाटेवर पडलो होतो. मग मुकादमाला ठेवायचा कुठं? एक दिवस सकाळी दारात हातगाडी थांबली. गाडीवर तीन फुटी नवी काचेची टाकी, कारखान्यातल्या कोनाड्याच्या जुन्या पाण्याचे दोन कॅन, आणि बादलीत प्लास्टिकच्या पिशवीत मुकादम. पिशवीतूनसुद्धा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की कामावर का आला नाहीस?

"वैनी, चाळीस दिवसांचा पाहुणा आणलाय," दस्तगीर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

शिवक्का दारात आली. आमचं घर लिंगायताचं. अंड्याचं टरफलसुद्धा कधी या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. तिनं बादलीत वाकून बघितलं.

"येऊ दे की भाऊ. पण खातोय काय ह्यो?"

दस्तगीरनं पिशवीतून गोल डबा काढला. "ह्या गोळ्या. दिवसाला धा. जास्त कितीबी मागू दे, द्यायच्या न्हाईत."

"कशाच्या असत्यात?"

मी खाटेवरून दस्तगीरला डोळा मारला. एरवी त्यानं बिनदिक्कत सांगितलं असतं, हरभऱ्याच्या पिठाच्या. पण हजला निघालेला माणूस. त्याच्या तोंडातून खोटं निघेना. डबा या हातातून त्या हातात करत उभा राहिला.

"आता खोटं कसं बोलू वैनी. माशाचंच पीठ असतंय त्यात. आणि सुकी कोळंबी."

शिवक्कानं पदर सावरला. "मग भाऊ, मासा येऊ दे. जीव हाय, जीवाला न्हाई म्हणणार न्हाई मी. पण त्यो डबा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. आणि माझा हात त्याला लागणार न्हाई."

"मग खाणार काय तो?" दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.

"आमच्या घरचं खाईल," मी म्हणालो. "सव्वीस वर्षं तुझे आठ माग पोसले. एका माशाला जेवू घालता येत न्हाई होय मला?"

दस्तगीरनं तो डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी शिवक्काला बघायला सांगितलं तर डबा तिथं नव्हता. मांजरानं नेला असेल म्हणून मी विषय सोडून दिला.

मग टाकी लावायचं काम सुरू झालं. मी खाटेवरून हुकूम सोडत होतो आणि मालक जॉबरचं ऐकत होता. टाकी खिडकीखालच्या बाकड्यावर, शिवक्काच्या शिलाईच्या पायमशीनला लागून ठेवली. खाली पाणसळ लावून घेतली. पाणी एका बाजूला चढलं तर माशाला उतारावर राहिल्यासारखं वाटेल, असं मी म्हणालो, आणि दस्तगीरला ते पटलं सुद्धा. मागच्या काचेला काळा कागद चिकटवला, म्हणजे माशाला पाठीमागं आडोसा. त्यामुळं झालं काय, की पुढून बघितलं तर टाकीत अख्खा सोपा दिसायचा, आरशासारखा. अर्धं पाणी जुनं घातलं आणि अर्धं घरच्या हंड्यात दोन दिवस पडून राहिलेलं, नळाच्या औषधाचा वास उडालेलं. जुन्या फिल्टरचा मळका स्पंज न धुता तसाच नव्यात बसवला. शेवटी पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली, दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीतलं पाणी पिशवीत, मग पिशवी तिरकी केली आणि मुकादम आपल्या पायांनी आत गेला.

"आपल्या पायांनी," बाई म्हणाल्या.

"म्हणायची पद्धत असते, बाई."

आत गेला, एक फेरी मारली, चारी कोपरे तपासले. मग तळाला जाऊन एका अंगावर आडवा झाला. दस्तगीरचा चेहरा उतरला. मी म्हणालो, नवं घर आहे, होईल सवय.

जायची वेळ झाली तरी तो उठेना. माहीत होतं मला तो कशासाठी थांबलाय. हजला जाणारा माणूस निघायच्या आधी सगळ्यांच्या घरी जाऊन माफी मागतो. पाटी कोरी करून जायचं असतं. दस्तगीर आठ दिवस गल्लीगल्लीत फिरत होता. सूतवाला झाला, रंगवाला झाला, ज्याच्याशी तीन वर्षं बोलणं नव्हतं तो चुलतभाऊ झाला. मला त्यानं शेवटाला ठेवलं होतं.

"मलू," तो म्हणाला, "कहा-सुना माफ कर."

आता आमच्यात माफ करण्यासारखं एकच होतं. एकदा कारखान्यातून नव्या धोट्यांचं खोकं गायब झालं, आणि दस्तगीरनं सगळ्या कामगारांसमोर माझी पिशवी उलटी करायला लावली. पिशवीतून भाकरी पडली आणि कांदा पडला. संध्याकाळी खोकं सुताच्या बीमच्या मागं सापडलं. त्यावर तो कधी बोलला नाही आणि मीही बोललो नाही. अकरा वर्षं झाली होती. आणि आता तो तेच मागत माझ्यासमोर खाटेच्या कडेला बसला होता. मला त्याच्याकडं बघवेना. आणि मला बघवेनासं झालं की मी थट्टा करतो, ही माझी जुनी खोड.

"असं फुकट माफ न्हाई," मी म्हणालो. "आधी जाऊन ये. मासा धडधाकट दिसला तर माफ. मेला तर न्हाई."

दस्तगीर हसला. पण फाटकापर्यंत जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं. एकदा माशाकडं आणि एकदा माझ्याकडं.

शिवक्का म्हणाली, "माणूस मक्केला निघालाय आणि तुम्ही थट्टा केलासा."

"परत येणार हाय की तो."

"यायचा म्हणून जात असत्यात होय सगळे?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

पहिल्या दिवशी खायला घालायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भाकरीचा चुरा टाकला. मुकादम आडवा. तिसऱ्या दिवशी कणकेच्या गोळ्या, देवळाच्या तळ्यात टाकतात तशा. एक गोळी त्याच्या तोंडावरून घरंगळत गेली, त्यानं डोळासुद्धा हलवला नाही. चौथ्या दिवशी उकडलेला मटार, साल काढून. पाणी गढूळ झालं. शिवक्कानं अर्धं पाणी उपसून नवं घातलं, पण माशाकडं बघत नव्हती, तोंड खिडकीकडं करून उपसत होती. कल्ले तेवढे हलत होते त्याचे, आणि तेही दिवसेंदिवस हळू.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. माझ्या फोनवर एवढा मोठा नंबर पहिल्यांदाच उमटला होता.

"मलू! पोचलो. लई गर्दी हाय. तुझ्या भाभीचे पाय सुजल्यात. मुकादम कसा हाय?"

मी टाकीकडं बघितलं. मुकादम तळाला पडला होता, टाकून दिलेल्या चपलेसारखा.

"मजेत," मी म्हणालो.

"खातोय?"

"हातातनं ओढून घेतोय. बोट सांभाळावं लागतंय."

मग दस्तगीरचा आवाज बारीक झाला. "आणि ते आपलं... माफीचं?"

आता बघा बाई, मी कसा अडकलो होतो. तोंडातून 'माफ' म्हणायला काय लागतं? पण मासा बघितल्याशिवाय माफ करणार नाही, असं मीच म्हणून बसलो होतो. आता एकदम माफ केलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं, मुकादमाचं काही खरं नाही. सव्वीस वर्षं माझा मालक तो, माझा आवाज ओळखतो. तिथं हजच्या मुख्य दिवशी अरफातच्या मैदानात दुआ मागायला उभा राहून त्यानं माशाचा विचार केला असता. म्हणून मी म्हणालो, "मुकादम म्हणतोय, सगळं व्हायचंय तसं होऊ दे. आधी तू सुखरूप ये."

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवला.

शिवक्का दारात उभी होती. टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बाई, मुकादम उठून उभा राहिला! आधी सरळ झाला, मग काचेपाशी आला, तोंड लावून बघायला लागला. सातव्या दिवशी त्यानं माझ्या हातातला शेंगदाण्याचा कूट खाल्ला.

"कूट?" बाई म्हणाल्या. "ऑस्कर मासा?"

"घरचा कूट, मीठ-तिखट न घातलेला. तुमच्या विज्ञानात नसेल. आमच्या घरात होतं. लिंगायताच्या घरी राहून लिंगायत झाला तो. आणि सोमवार आला की काही म्हणजे काही खायचा नाही."

"सोमवारचं मात्र खरं हाय हां बाई," दस्तगीर मधेच म्हणाला. "मी परत नेल्यावर दोन-तीन सोमवार तो वर आलाच न्हाई खायला. मी घाबरलो. मग सुधारला."

"सुधारला नाही, बिघडला," मी म्हणालो. "संगत."

तर आठवडाभरात मुकादमानं घराचा ताबा घेतला. लपायला ठेवलेलं मडकं त्याला पसंत नव्हतं, तोंडानं ढकलत ढकलत टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. तळाची वाळू उकरून मधोमध खड्डा केला आणि वाळूचा ढीग एका कोपऱ्यात लावला. दोन खोटी झाडं होती, ती उपटून वर तरंगत सोडली. मी खाटेवरून बघत असायचो. माझ्याच घरात मला काम नसल्यासारखं वाटायला लागलं. शिवक्का तिच्या कामात. त्या दिवसांत तिला दुपारची दुसरी आंघोळ करायचं काय सुचलं होतं कोण जाणे. थंडीचे दिवस, माणसं एकदा आंघोळ करायला कुरकुरतात, आणि ही रोज दुपारी गार पाण्याच्या दोन बादल्या. मी विचारलं तर म्हणाली, अंगाची आग होतीया.

बाराव्या दिवशी परत फोन आला. अरफातचा आदला दिवस.

"मलू, उद्या अरफात," दस्तगीर म्हणाला. "उद्याच्यासाठी परत एकदा इचारतोय. त्या धोट्यांचं..."

"कसले धोटे?" मी म्हणालो. "मला कायबी आठवत न्हाई."

टाकीत मुकादम तोंडात वाळू भरून नेत होता.

"मुकादमानं घर पाडून बांधायला काढलंय," मी म्हणालो. "शेंगदाणे खातोय. देवाशपथ. तू जा. माफ. सगळं माफ, पिशवी, भाकरी, कांदा, सगळं."

मग तिकडून भाभी बोलली, "ये रोते बैठे हैं, बाद में करते," आणि फोन बंद झाला.

चाळीस दिवसांनी तो आला, खजूर घेऊन, डोकं तासलेलं, वजन उतरलेलं. चप्पल काढून आधी टाकीसमोर जाऊन बसला. मुकादमानं त्याला ओळखलं आणि दिवसभर त्याच्यावरची नजर काढली नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून त्याला पिशवीत भरलं. झालं, इतकंच.

मी चहाचा शेवटचा घोट घेतला. दस्तगीर खिडकीबाहेर बघत होता. तो ही गोष्ट दरवर्षी ऐकतो, आणि दरवर्षी गोष्ट इथवर आली की खिडकीबाहेर बघतो.

"पण आण्णा," ढवळे बाई म्हणाल्या. "तुम्ही मधलंच सांगितलं नाही. पाच दिवस आडवा पडलेला मासा सहाव्या दिवशी उठला कसा? मला तेच तर पाहिजे. वर माझा पडलाय तो."

विज्ञान शिकवणारं माणूस. सोडणार थोडंच.

"त्याचं काय झालं," मी सरसावून बसलो. "फोन ठेवल्यावर मी विचार केला. पाणी ठीक, टाकी ठीक. मग याला खुपतंय काय? आणि एकदम ध्यानात आलं. शांतता! ही वसाहत गावाबाहेर, मळ्याच्या कडेला. दुपारी इथं शेवग्याचं पान पडलं तरी ऐकू येतं. मुकादम लहानपणापासून आठ मागांच्या दणक्यात वाढलेला. त्याला वाटलं असणार, संप झाला! काम बंद, कामगार पळाले, आता जगून करायचं काय? म्हणून आडवा."

"बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "माशांना कंप जाणवतात. अंगाला तशी रेघ असते त्यांच्या."

"बघा! आता माग कुठनं आणायचा? तर टाकीला लागूनच मंडळींची पायमशीन. तिचा पट्टा सैल, चाकाला झोल. चालवली की खाडाक्-खट, खाडाक्-खट आणि मधेच एक ठोका गिळायची. म्हणजे थेट तीन नंबरचा माग. ती तशी मी मुद्दामच ठेवली होती, म्हटलं कधीतरी उपयोगी पडेल. दुपारची वेळ. मंडळी आत झोपलेली. मी उठलो, मशीनवर जाऊन बसलो, पाय ठेवले आणि जी काय मारायला सुरुवात केली..."

"कुठल्या पायानं?"

भाकरी थापायचा आवाज केव्हाचा थांबला होता ते माझ्या लक्षात आलं होतं. शिवक्का दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात.

"काय म्हणालीस?"

"कुठल्या पायानं मारलासा मशीन? उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. पाण्याचा तांब्या मी हातात देत होते तुमच्या. चौदा वर्षं ऐकून घेतलं, म्हटलं जाऊ दे, बोलू दे. मशीन म्हणं मुद्दाम लंगडी ठेवली! पट्टा घट्ट करा, पट्टा घट्ट करा म्हणून धा वर्षं मागं लागले होते, केलासा? गावचे माग दुरुस्त करत हिंडलासा, घरची मशीन न्हाई दिसली. आणि कूट! थुंकत होता तो तुमचा कूट. मी बघितलंय. तुम्ही दुपारी घोरायला लागला की दोन तास मशीन मारायची मी, शिवायला काय नव्हतं तरी, जुन्या चिंध्या घालून. तो उठला की मशीनच्या खणातला डबा काढायचा..."

"कसला डबा?" दस्तगीरनं विचारलं.

पण ती आता थांबण्यातली नव्हती. "धा गोळ्या, मोजून. या हातानं. सोमवारी तेवढं त्या डब्याला न्हाई शिवले मी, सोमवारी उपास घडला त्याला, तर ह्यांनी त्याचं व्रत करून टाकलं! आणि रोज त्यावर गार पाण्यानं डोक्यावरनं..."

आणि मग ती थांबली. पिठाचा हात तसाच वर राहिला.

आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास सुटला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. दस्तगीरनं बशी खाली ठेवली. त्याला ती नीट ठेवता आली नाही, कलंडली.

"वैनी," तो म्हणाला. "उंबऱ्याच्या आत? तुम्ही?"

"मग काय करू भाऊ? तुम्ही तिकडं परमुलखात उभे, आणि ह्यांच्या तोंडातनं त्यो एक शब्द निघंना. तो मासा उठल्याबिगर निघणार बी नव्हता. मला म्हाईत न्हाईत होय हे?" तिनं हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं. कपाळाला पीठ लागलं. "देवाला सांगितलं मी तसं. एकट्या देवालाच सांगितलं हुतं."

ढवळे बाई माझ्याकडं बघत होत्या. शिवक्कानंही माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली असती तर बरं झालं असतं. पण मला हसू दाबता आलं नाही, आणि ते तिला दिसलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तुम्हाला नवल वाटलेलं दिसत न्हाई."

मी खिडकीखालच्या बाकड्याकडं बोट केलं. तिथं आता कुंड्या आहेत.

"मागच्या काचेला काळा कागद होता," मी म्हणालो. "भिंतीकडं तोंड करून पडलं तरी डोळ्याच्या कोपऱ्यातनं टाकी दिसायची. आणि टाकीत सगळा सोपा. मशीन, खण, डबा. तुझ्या बांगड्या सुद्धा."

तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, मनातल्या मनात एकेक दुपार मागं जात असल्यासारखी.

"म्हणजे," शिवक्का म्हणाली, "ते घोरणंसुद्धा खोटं होतं!"